मैदानावरचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत प्रवेश मिळवला. त्यापूर्वी आशियातील एकाही देशाला ही मजल मारता आली नव्हती. चारपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझा या तरुण आघाडीपटूचे होते. नेव्हिल मूळचा बार्देशातील आसगावचा. फुटबॉलपटू म्हणून तो घडला मुंबईत, आणि त्याचा गाव त्या दिवशी अजून पोर्तुगीज राजवटीत होता. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नेव्हिलचे नाव गोव्यात आजही अभिमानाने घेतले जाते. त्या संघाला घडवणाऱ्या प्रशिक्षकाचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. ते नाव सय्यद अब्दुल रहीम. भारतीय फुटबॉलच्या सर्वोत्तम कालखंडाचे हे शिल्पकार व्यवसायाने शाळामास्तर होते, आणि शेवटपर्यंत त्यांची वृत्तीही मास्तराचीच राहिली.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या प्रदेशांना कवेत घेणाऱ्या निजामाच्या संस्थानाची ती राजधानी. १९१८ मध्ये तेथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून मिळू लागले. मराठवाड्यातील तरुणही शिक्षणासाठी याच शहराची वाट धरत. मुसी नदीच्या काठी, उच्च न्यायालयाच्या इमारतीजवळ उभे असलेले सिटी कॉलेज हे या विद्यापीठाशी जोडलेले एक प्रमुख विद्यालय. पुस्तकी शिक्षणाइतकीच त्याची ख्याती फुटबॉलसाठी होती. हैदराबादच्या कितीतरी नामवंत खेळाडूंनी चेंडूशी पहिली मैत्री या कॉलेजच्या मैदानावर केली. रहीम त्यांपैकीच एक.

विद्यापीठाच्या संघातून खेळताना त्यांनी नाव कमावले. पुढे सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी मिळून उभारलेल्या इलेव्हन हंटर्स या संघाकडून ते खेळले. स्थानिक लीगमधील बलाढ्य समजल्या जाणाऱ्या कमर क्लबचेही ते खेळाडू होते. कॉलेज सुटले तरी संघ सुटत नाही, अशी ती परंपरा होती. नवे विद्यार्थी जुन्यांबरोबर खेळत आणि खेळता खेळता त्यांचे कसब उचलत. शिकवणारा आणि शिकणारा एकाच मैदानावर घाम गाळतो, हा संस्कार रहीम यांच्यावर तेथेच झाला असावा.

कला शाखेची पदवी घेतल्यावर रहीम यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा येथील माध्यमिक शाळेपासून आरंभ करून दारुल-उलूम आणि चादरघाट यांसारख्या शाळांतून त्यांनी अध्यापन केले. दरम्यान शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. वर्गातील चाळीस मुलांपैकी प्रत्येकाची समज वेगळी असते, एकाला समजावण्याने जे साधते ते दुसऱ्याला करून दाखवावे लागते, हे शिक्षकाला अनुभवाने कळते. पुढे देशातील नावाजलेल्या खेळाडूंना घडवताना हाच अनुभव रहीम यांच्या कामी आला. १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळले.

संघटक म्हणून रहीम यांनी मुलांसाठी ज्या स्पर्धा भरवल्या, त्यांतून त्यांच्या विचारांची दिशा स्पष्ट दिसते. त्या काळी आपल्याकडे चेंडू पायाशी ठेवून एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना चकवत जाणाऱ्या खेळाडूवर प्रेक्षकांचा जीव जडत असे. असा खेळाडू टाळ्या मिळवी, परंतु त्या नादात संघाची चाल मोडून पडे. रहीम यांनी यावर प्रवचन दिले नाही. त्यांनी नियमच बदलले. काही स्पर्धांत चेंडू घेऊन पळत चकवण्याला, म्हणजे ड्रिब्लिंगला, मज्जाव केला. चेंडू आला की तो तत्काळ सहकाऱ्याकडे धाडायचा. काही स्पर्धांत मुलांनी केवळ आपल्या कमकुवत पायानेच खेळावे असे बंधन घातले. उजव्या पायाच्या मुलाला महिनाभर डाव्या पायाने खेळावे लागले की त्याचे दोन्ही पाय कामाचे होतात. आडदांड शरीराच्या मुलांपुढे किरकोळ अंगकाठीची गुणी मुले मागे पडू नयेत म्हणून उंचीची मर्यादा घातलेल्या स्पर्धाही झाल्या. साधनांची वानवा असलेल्या शहरात, केवळ नियमांच्या कल्पक वापरातून, खेळाचे एक विद्यालयच त्यांनी उभे केले.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि या शिक्षणाचे फळ अवघ्या देशाने पाहिले. काही वर्षे खंडित राहिलेली ड्युरँड चषक स्पर्धा त्या वर्षी दिल्लीत पुन्हा सुरू झाली, आणि तो चषक हैदराबादच्या पोलिसांनी जिंकला. त्याच वर्षी मुंबईचा रोव्हर्स चषकही त्यांनी नेला, आणि तेथून पुढे तो कोणाला दिलाच नाही. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद पोलिसांकडे राहिला. कूपरेजच्या मैदानावर दर पावसाळ्यात गर्दी करणाऱ्या मुंबईकर रसिकांना, त्यांत मोठ्या संख्येने असलेल्या गोमंतकीयांना, या संघाचा वेगवान आणि नीटनेटका खेळ चांगलाच परिचयाचा झाला. कलकत्त्याच्या मातब्बर क्लबांचे वर्चस्व गृहीत धरणाऱ्या भारतीय फुटबॉलला दक्षिणेतील एका पोलीस संघाने आपली दखल घ्यायला लावली. पुढे संतोष चषकातही हैदराबादने १९५६ आणि १९५७ या लागोपाठच्या दोन्ही मोसमांत विजेतेपद मिळवले. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर मुंबईचा संघ होता.

खेळाडू हेरण्याची त्यांची नजर तीक्ष्ण होती, आणि हेरलेल्या मुलाची अडचण समजून घेण्याचे मनही त्यांच्यापाशी होते. सिकंदराबादजवळील अम्मुगुडा या वस्तीतला तुळसीदास बलराम हा गरिबाघरचा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. सरावाला रोज शहरात यायचे तर सायकल भाड्याने घ्यावी लागे, आणि तेवढे पैसे घरात नसत. ते भाडे रहीम यांनी स्वतः दिले. हाच बलराम पुढे भारताच्या सर्वकालीन श्रेष्ठ आघाडीपटूंत गणला गेला.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून रहीम यांची पहिली मोठी कसोटी १९५१ मधील दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत लागली. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील भारताने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरवले. अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलवर इराणचा पाडाव केला. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला स्वतःच्या राजधानीत सुवर्णपदक लाभले.

त्या आनंदाला पुढच्याच वर्षी दृष्ट लागली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे लोळवले. भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. बंगालच्या वा दख्खनच्या मैदानावर उघडा पाय चेंडूवर सुरेख ताबा मिळवून देतो. फिनलंडच्या गारठ्यात, ओल्या गवतावर, बूट घातलेल्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांसमोर तोच पाय निरुपयोगी ठरला. या पराभवानंतर बूट घालून खेळणे बंधनकारक झाले. एवढ्या मानहानीनंतर एखादा प्रशिक्षक निमूटपणे बाजूला झाला असता. रहीम यांनी त्या दहा गोलांचा अभ्यास केला. युरोपातील संघ चेंडू कसा फिरवतात, मोकळी जागा कशी निर्माण करतात, तंदुरुस्ती कशी राखतात, याकडे त्यांनी बारकाईने लक्ष दिले. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे नमवले आणि मधल्या आघाडीपटूला मागे ओढून खेळवण्याची त्यांची पद्धत जगभर चर्चेचा विषय झाली. दूरचित्रवाणी नसलेल्या त्या काळात हैदराबादेतला हा मास्तर त्या पद्धतीचा विचार करत होता आणि आपल्या मुलांना साजेल असा बदल करून ती मैदानावर उतरवत होता.

चार वर्षांनी मेलबर्नला गेलेला संघ हा त्या अभ्यासाचा परिणाम होता. समर बॅनर्जी कर्णधार होते. अझीझ, नूर मोहम्मद, झुल्फिकार, बलराम असे रहीम यांच्या शहरातले खेळाडू होते. वीस वर्षांचा प्रदीपकुमार बॅनर्जी उजव्या बगलेवर होता, आणि मुंबईहून आलेला नेव्हिल आघाडीच्या मध्यभागी. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली आणि उपांत्यपूर्व फेरीत यजमानांशी गाठ पडली. नेव्हिलने तीन आणि कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी एक गोल करून ऑस्ट्रेलियाला घरच्या मैदानावर निरुत्तर केले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. उत्तरार्धात पहिला गोल भारताचा झाला, तोही नेव्हिलचाच. त्यानंतर युगोस्लाव्हियाने खेळ उंचावला आणि सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारत चौथा आला. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिलचे नाव होते. हेलसिंकीत दहा गोल लादणाऱ्या संघावर चारच वर्षांत भारत आघाडी घेतो, या एका गोष्टीत रहीम यांच्या परिश्रमांचे मोजमाप सापडते.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू हे देश होते. हंगेरीकडून भारत १-२ असा निसटता हरला. फ्रान्सला १-१ असे रोखले. पेरूविरुद्ध १-३ अशी हार पत्करावी लागली. पदक दूर राहिले, पण भारताच्या खेळाची वाहवा झाली. या संघात रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांचाही समावेश होता. त्यानंतर आजपर्यंत भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेला नाही.

रहीम यांच्या आयुष्याचा कळस ठरलेली स्पर्धा १९६२ मध्ये इंडोनेशियाच्या जकार्ता शहरात झाली. तेव्हा त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. ते धूम्रपानाच्या आहारी गेलेले होते आणि आजाराने फुफ्फुसांचा ताबा घेतला होता. चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील संघात या वेळी आणखी एक गोमंतकीय होता, कोलवाळचा मध्यरक्षक फोर्तुनातो फ्रँको. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम आठ-नऊ महिने झाले होते. मुक्त गोव्याच्या सुपुत्राने भारतासाठी आशियाई सुवर्ण जिंकावे, हा योग त्या स्पर्धेत जुळून आला.

सुरुवात मात्र अपशकुनी झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. पुढे थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जबर दुखापत होऊन टाके घालावे लागले. जपानला २-० असे नमवून भारत उपांत्य फेरीत आला. जर्नेलला बचावात खेळवणे धोक्याचे, आणि त्याच्यासारखा हिंमतवान गडी बाहेर बसवणेही परवडणारे नव्हते. रहीम यांनी या बचावपटूला थेट आघाडीच्या मध्यभागी उभे केले. एरवी वेडेपणाचा वाटावा असा हा निर्णय होता. जर्नेल तरुणपणी त्या जागी खेळलेला होता आणि त्याची ताकद व उंची प्रतिस्पर्ध्यांच्या गोलसमोर उपयोगी पडेल, असा रहीम यांचा हिशेब होता. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जर्नेलने गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला.

अंतिम सामना ४ सप्टेंबर रोजी होता आणि समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता. मैदानाबाहेरचे वातावरण अत्यंत तापलेले होते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना स्पर्धेत प्रवेश नाकारला होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतल्यामुळे जकार्तात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली आणि भारतीय दूतावासावरही जमाव चालून गेला. सेनायान मैदानात जमलेला सुमारे लाखभर प्रेक्षकांचा समुदाय भारताच्या राष्ट्रगीताचीही हुर्यो उडवत होता. आपल्या खेळाडूंची अवस्थाही बरी नव्हती. जर्नेलच्या डोक्याला पट्टी होती, बचावपटू त्रिलोकसिंग याचा पाय दुखावलेला होता, आणि गोलरक्षक पीटर थंगराज नुकताच तापातून उठला होता. रहीम यांनी थंगराजवर विश्वास टाकून त्याला अंतिम सामन्यात उतरवले. पहिल्या वीस मिनिटांतच प्रदीपकुमार आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला. कोरियाला अखेरच्या काही मिनिटांत एकच गोल फेडता आला. २-१ अशा फरकाने भारत आशियाचा विजेता झाला. फुटबॉलमधील आशियाई सुवर्ण भारताला त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही.

विजयानंतर रहीम यांना फार काळ लाभला नाही. हैदराबादेत परतल्यावर आजार बळावत गेला आणि ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जकार्ताच्या सुवर्णाला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते.

त्यांच्या मागे काय उरले, याचा हिशेब दोन बाजूंनी मांडावा लागतो. एका बाजूला त्यांचे शिष्य आहेत. प्रदीपकुमार बॅनर्जी पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाच्या प्रशिक्षणात त्यांचा वाटा होता. हकीम यांनी वडिलांचा वारसा चालवला. वायुसेनेत अधिकारी, आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक अशा भूमिका त्यांनी बजावल्या. गोव्याच्या साळगावकर संघालाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. ज्या साळगावकरकडून फ्रँको खेळले, त्याच क्लबच्या सरावाला रहीम यांच्या पुत्राने यावे, हा योगायोग गोमंतकीय रसिकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, रहीम यांच्या जीवनावरील मैदान हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि नव्या पिढीला त्यांची तोंडओळख झाली.

दुसऱ्या बाजूला मोठी पोकळी आहे. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा रहीम यांना जाऊन २२ वर्षे लोटली होती. पुरस्काराची उणीव एक वेळ सोसता येते. त्यांची शिकवण्याची पद्धत जतन करणारी व्यवस्था देशाने उभी केली नाही, हे नुकसान त्याहून कितीतरी मोठे. डाव्या पायाच्या स्पर्धा, ड्रिब्लिंगला बंदी घालणारे सामने, सायकलचे भाडे देऊन सरावाला आणलेली मुले, हे सारे एका माणसाच्या कळकळीवर चालले होते. तो माणूस गेला आणि त्यातील बरेच काही त्याच्याबरोबर संपले. सिटी कॉलेजमधून खेळाडूंची रांग लावणारे हैदराबाद पुढील दशकांत हळूहळू भारतीय फुटबॉलच्या परिघावर गेले.

हा इतिहास गोव्याने विशेष आस्थेने वाचावा, याला कारण आहे. आपल्याकडेही फुटबॉल आला तो शिक्षणाच्या वाटेनेच. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू शिवोलीत आले आणि त्यांनी तेथील मुलांना या खेळाची गोडी लावली. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेत फुटबॉल हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. आज फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ आहे. क्लब आहेत, मैदाने आहेत, प्रेक्षकांचे प्रेम तर आहेच. तरीही दहा-अकरा वर्षांच्या मुलाला चेंडू डाव्या पायाने कसा अडवायचा हे कोण शिकवते, आणि शिकवणाऱ्याला कोण शिकवते, हा प्रश्न राज्य खेळाचा दर्जा मिळाल्याने आपोआप सुटत नाही. त्याचे उत्तर गावोगावच्या शाळांमध्ये, खेळाच्या तासाला मुलांसोबत मैदानात उतरणाऱ्या शिक्षकापाशी आहे.

रहीम यांनी काचीगुड्याच्या शाळेत आपल्या कामाला आरंभ केला तेव्हा त्यांच्याजवळ शिट्टी, चेंडू आणि मुले यांखेरीज फारसे काही नव्हते. तेवढ्या भांडवलावर देशाने दोन आशियाई सुवर्णपदके आणि ऑलिंपिकमधील चौथे स्थान मिळवले. नेव्हिलची हॅटट्रिक आठवताना आणि फ्रँकोंच्या सुवर्णपदकाचा अभिमान बाळगताना, त्यामागे उभ्या असलेल्या या हैदराबादी मास्तरांचे स्मरण गोव्यातील प्रत्येक फुटबॉलप्रेमीने ठेवायला हवे.